आधी रंग, मग धाव

हिवाळा आला की आमच्या बुलडाण्यातल्या पेन्शनर लोकांना काहीतरी सुचतं. उन्हाळ्यात सुचत नाही, कारण डोकी तापलेली असतात. पावसाळ्यात गुडघे बोलतात. दिवाळी सरली की मात्र ही माणसं मफलर गुंडाळून कुणाच्या तरी ओट्यावर कोवळं ऊन खात बसतात आणि तिथून थेट संस्कृती वाचवायला निघतात. एका हिवाळ्यात त्यांनी पहाटे फिरायचं मंडळ काढलं. ते जिलेबीच्या दुकानापर्यंत फिरलं आणि तिथेच बसलं. पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांनी बासरी शिकायचं ठरवलं. बासऱ्या आल्या, नातवंडांनी त्यांच्या तलवारी केल्या, विषय संपला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या दमण्या दुरुस्त करायला घेतल्या.

दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. वर बांबूच्या कामट्यांची कमान, कमानीवर जाड कापडाचं छत, मागे पडदा. दमणीचं नाव निघालं की या मंडळींचे डोळे पाणावतात, कारण त्यांच्यातले निम्मे कधी दमणीत बसलेलेच नाहीत. मी बसलेली आहे. धाडच्या बाजाराला आम्ही दमणीतून जायचो. हाडं खिळखिळी व्हायची, बैलाचं शेपूट तोंडावर यायचं आणि अर्ध्या वाटेत मला ओकारी व्हायची. आमच्या गावाला एसटी सुरू झाली त्या दिवशी माझ्या आईने देवापुढे नारळ फोडला होता. पण हे कुणाला सांगायचं? संस्कृती वाचवणाऱ्याला मध्ये बोललेलं खपत नाही.

मंडळाचे मुख्य म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले वकीलसाहेब. कोर्टात त्यांना कधी कुणी गप्प केलं नाही, आणि घरी ऐकायला कुणी थांबत नाही. त्यांच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड होती. धामणगाव बढ्याच्या एका अशिलाच्या गोठ्यात त्यांना एक दमणी सापडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. अशिलाने आनंदाने ती देऊन टाकली, वर दोन माणसं देऊन टेम्पोत चढवूनही दिली. वकीलसाहेबांना हा त्याचा मोठेपणा वाटला. मला त्यात सुटकेचा निःश्वास ऐकू आला. दुसरी दमणी पुढे कधी मिळाली नाही, पण मंडळाच्या नावात मात्र 'दमण्या'च राहिल्या.

दुसरे सभासद सीट कव्हरवाले चाचा. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे, ऑटोरिक्षांच्या गाद्या आणि ताडपत्र्या शिवायचं. दमणीचं छत त्यांच्याकडे. चार-पाच जण आणखी होते, त्यांचं काम खुर्च्या भरण्याचं.

आणि आमचे हे.

हे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. आजच्यासारखे यंत्रावर नाही, हाताने. शाईची रेघ अशी काढायचे की पट्टीलाही लाज वाटावी. कालवा, पाट, चारी, सगळ्या रेघा वेगवेगळ्या जाडीच्या, आणि एकही कुठे थरथरलेली नाही. लग्न झाल्यावर मी गणिताची मास्तरीण म्हणून त्यांना फळ्यावर वर्तुळ काढायला लावलं होतं, परीक्षा घ्यावी तसं. त्यांनी एका झटक्यात काढून दाखवलं. मी परकाराने तपासायला गेले आणि हरले. निवृत्तीनंतर त्यांचा तोच उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटलं थंडी असेल. मग उन्हाळ्यातही थरथरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे हळूहळू वाढेल असंही सांगितलं. आम्ही ते कुणाला सांगितलं नाही.

आदल्या हिवाळ्यात वकीलसाहेबांच्या शेतावर हुरडा पार्टी होती. गरम कणसं चोळून सगळ्यांच्या ओंजळीत हुरडा पडत होता. यांच्या ओंजळीतला मांडीवर सांडला, पुन्हा घेतला, पुन्हा सांडला. कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांच्या सुनेने न बोलता एक वाटी आणि चमचा आणून यांच्यापुढे ठेवला. बस. त्यानंतर हे घराबाहेर पडेनासे झाले. लग्नाचं जेवण बंद, ओटा बंद, चहाचं आमंत्रण बंद. कपबशी धरायची वेळ येईल अशी प्रत्येक जागा त्यांनी आयुष्यातून काढून टाकली. कुणी हसलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या चमच्याशी कसं भांडणार?

म्हणून वकीलसाहेब आमच्या दारात उभे राहून, "वहिनी, साहेबाले आमच्या हवाली करा, आमाले त्यायचा हात पाह्यजे," असं म्हणाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"त्यांची कंबर धरली आहे," मी म्हटलं.

"कंबर नाई पाह्यजे हो. बसल्या बसल्या काम आहे. चाकावर रेघा काढा लागते. लाल चाक, त्यावर पिवळ्या रेघा. असं काम साहेबाशिवाय कोन करन?"

मी दार लोटणार तेवढ्यात आतून आवाज आला, "येतो मी."

मी मागे वळून पाहिलं. हे पायात चप्पल घालत होते. कित्येक महिन्यांत त्यांनी एवढ्या घाईने चप्पल घातली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. ही बडबडी माणसं, त्यांचे मोबाइल, त्यांचे फोटो, आणि त्यांच्या मधोमध हातात ब्रश घेतलेला माझा माणूस. एकदा कुणी, "काऊन बे, हात काऊन कापून राह्यला?" असं म्हटलं की हे उरलेलं आयुष्य खोलीत काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण हे मफलर विसरून जायचे, आणि विसरलेला मफलर पोचवणं हे बायकोचं काम असतं, म्हणून मी जायची. तिथलं काम पाहून हात टेकावेत असं होतं. वकीलसाहेब चामड्याचे हातमोजे घालून दमणीभोवती फिरायचे. लाकडाला तेल अळशीचं लावायचं की सरकीचं यावर एक अख्खी दुपार चर्चा झाली आणि शेवटी कोणतंच लावलं नाही. खुर्च्या भरणारे खुर्च्या भरत होते. चाचांनी छत शिवून आणलं. कापड उत्तम, टाके भक्कम, पण चाचांचा हात ऑटोरिक्षांना सरावलेला. छताला मागे प्लास्टिकची आरपार खिडकी होती, आत मोबाइल ठेवायचा खिसा होता आणि कडेने चकचकीत लाल झालर.

"चाचा, दमणीत मोबाइल?" मी म्हटलं.

"भाभीजी," चाचा शांतपणे म्हणाले, "जो बसन तो मोबाइल घेऊनच बसन ना. मंग कुठी ठेवन?"

मंडळातलं हेच एक वाक्य मला आजवर पटलेलं आहे.

हे कुठे होते? शेडच्या पार टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. पुढ्यात स्टुलावर आडवं ठेवलेलं चाक. पाठ अशी धरलेली की हात कुणाला दिसू नये. मी मफलर देण्याच्या निमित्ताने जवळ गेले आणि पाहिलं. चाकाच्या कडेने लाल रंगावर पिवळी रेघ होती. ती जागोजागी हलली होती. कुठे जाड, कुठे बारीक, एके ठिकाणी तर सरळ खाली घसरलेली. हे माझ्याकडे न बघता रंगवत राहिले. मी मफलर खांद्यावर टाकला आणि परत आले. घरी येऊन मी खूप रडले, आणि वकीलसाहेबांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. यांना शिव्या द्यायची हिंमत झाली नाही.

मग मला एकच घोर लागला. ही दमणी रस्त्यावर येणार. वकीलसाहेब तिला संक्रांतीनंतर बैल जुंपून बाजारातून मिरवणार होते. बैल भाड्याचे, कारण संस्कृती वाचवणाऱ्या कुणाच्याच घरी बैल नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहणार, आणि त्यांच्यात कुणीतरी ओरडणार, "कोनं काढल्या बे ह्या रेघा?" आणि खुर्च्या भरणाऱ्यांपैकी कुणीतरी मोठ्या प्रेमाने यांचं नाव सांगणार.

"एखादा पेंटर बोलावला तर?" रात्री जेवताना मी हळूच म्हटलं. "तुमच्या रेघांवरून त्याने फक्त हात फिरवायचा."

"हो," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चप्पल घालून पुन्हा शेडकडे गेले. पेंटरचा विषय जणू त्यांनी ऐकलाच नव्हता.

दोन्ही चाकं रंगवून झाली. आता धाव चढवायची राहिली. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. लाकूड वाळून आकसलं होतं, जुनी धाव चाकावर खुळखुळत होती, म्हणून ती आधीच काढून ठेवली होती. ती थोडी कापून, जोडून, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, तशीच चाकावर बसवायची आणि वरून लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाक आवळलं जातं. हे काम वकीलसाहेबांनी मुद्दाम रविवारी ठेवलं, कारण पुण्याहून त्यांचे जावई येणार होते आणि जावयांकडे मोठा कॅमेरा होता. रंग आधी, मग धाव, हाही त्यांचाच हुकूम. का, तर "नुसतं लाकूड फोटोत मेलेलं दिसते."

त्या रविवारी मीही गेले. नाक मुरडत गेले, पण गेले. सगळी गल्ली जमली होती. गोवऱ्या वकीलसाहेबांनी मोबाइलवरून मागवल्या होत्या. त्या खोक्यातून आल्या, प्रत्येकीला पारदर्शक कागद आणि वर ओम छापलेला. ज्या गावात अर्ध्या भिंतींवर गोवऱ्या थापलेल्या आहेत त्या गावात. त्या पूजेच्या छोट्या गोवऱ्या लोखंडाला काय पुरणार? मग वकीलसाहेबांची एक मोडकी खुर्ची आगीत गेली, मग दुसरी, जी मोडकी नव्हती. धाव चढवायला दारं-ग्रील बनवणारा एक वेल्डर बोलावला होता. त्याच्या बापाने म्हणे धावा चढवल्या होत्या. त्याने स्वतः फक्त फाटकं चढवली होती. रंगवलेली चाकं पाहून तो थोडा थबकला, पण चहा आला आणि तो चहा प्यायला.

धाव लाल झाली. चिमट्यांनी उचलली आणि चाकावर टाकली.

भडका उडाला. ऑइलपेंटचा काळा धूर शेडभर पसरला. लाल रंगाला फोड आले, पिवळ्या रेघा वितळून लाल रंगात ओघळल्या, आणि चाकाची सगळी कड चर्र चर्र करत काळी पडली. पाण्याच्या बादल्या रिकाम्या झाल्या. वकीलसाहेब ओरडत होते, "रंग! रंग!" जसा काही रंग त्यांचं ऐकून थांबणार होता.

"हे असंच असतं का?" पुण्याचे जावई कॅमेऱ्यामागून म्हणाले. गंभीरपणे, माहिती म्हणून.

वकीलसाहेबांनी धुरातून चाकाकडे पाहिलं. मग छाती काढून म्हणाले, "हाव. आमच्याकडे असंच आहे. पहिला रंग अग्नीले द्या लागते."

माझा कानांवर विश्वास बसेना. पण खरी गंमत पुढे होती. दुसरं चाक अजून शिल्लक होतं. त्यावरचा रंग खरडून ते चाक वाचवता आलं असतं, निदान धाव दुसऱ्या दिवशी चढवता आली असती. पण आता परंपरा जाहीर झाली होती, कॅमेरा चालू होता. वेल्डरने विचारलं, "साहेब, हेबी असंच?" आणि वकीलसाहेबांनी जावयांकडे बघत मान हलवली. दुसऱ्या चाकाचाही भडका झाला. स्वतःची चूक झाकायला या माणसाने दुसरं चाक धडधडीत जाळलं, आणि खुर्च्या भरणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागावले की माझी शाळेतली मराठी गळून पडते.

"काऊन हो वकीलसाहेब," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कोन्या बापजाद्याची परंपरा आहे हे? माझा मानूस महिनाभर अठी बसून राह्यला, भिंतीकडे तोंड करून, जेवन सोडून, आन् तुमी त्याची मेहनत फोटोसाठी जाळली? लाज नाही वाटत? तुमाले माहीत तरी आहे का त्या एकेका रेघेले त्याले किती..."

तिथे मी थांबले. आणखी एक शब्द बोलले असते तर हात उघडा पडला असता. वकीलसाहेब खाली बघत होते. जावयांनी कॅमेरा हळूच खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा वकीलसाहेबांना गप्प बसलेलं पाहिलं, आणि मला त्याचं समाधानही घेता आलं नाही.

कुणीतरी माझा दंड धरला. हे होते. त्यांनी मला शेडच्या मागे पेरूच्या झाडापाशी नेलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांचा चेहरा शांत होता.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"धाव बसवली का रंग जळते. आमच्या बापाच्या गाडीची धाव मी लहानपनी पाह्यली आहे. रंग नेहमी नंतरच देत."

"मंग बोलले काऊन नाही?" मी जवळजवळ किंचाळलेच. "महिनाभर तोंड शिवलं होतं का तुमचं?"

ते हाताकडे बघत राहिले.

"जळनार होत्या म्हनूनच तर काढल्या," ते म्हणाले. "राहनार असत्या तर मी ब्रशले हात लावला नसता."

तोंडाचा पट्टा चालवणारी बाई मी, पेरूच्या पानांकडे बघत उभी राहिले. इतका वेळ मी ज्या मूर्खांना हसत होते त्यांच्या मूर्खपणाच्या आडोशाला माझा माणूस महिनाभर सुखाने बसला होता. कुणाला कळलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर त्यांच्या शेजारी जेवत होते.

जावई पुण्याला गेले आणि मंडळाचा उत्साहही त्यांच्याच गाडीत बसून गेला. वकीलसाहेब माझ्यासमोरून जाताना रस्ता बदलू लागले. खुर्च्या भरणारे आपापल्या ओट्यांवर परतले. चाचा तेवढे एकदा येऊन छत बसवून गेले, खिडकी, खिसा, झालर सगळ्यासकट. दमणी शेडमध्ये तशीच उभी होती. चाकं घट्ट, भक्कम, आणि कडेने कोळशासारखी काळी. आता तिला धावेची गरज नव्हती. फक्त रंगाची होती.

मग एका दुपारी मी गव्हातले खडे निवडत होते, तेव्हा हे पलंगाखालून रंगाचे डबे काढताना दिसले. चप्पल घालून ते दारात थांबले.

"येतेस?" ते म्हणाले. "चाक फिरवा लागते कोनालेतरी."

मी गहू तसाच टाकून उठले.

शेडमध्ये कुणी नव्हतं. वकीलसाहेबांचं घोरणं खिडकीतून ऐकू येत होतं. दमणीचा आस आम्ही विटांवर टेकवला, म्हणजे चाक हवेत मोकळं फिरेल. जळकी कड त्यांनी आधीच कधीतरी घासून पुन्हा लाल रंगवली होती. म्हणजे हे माझ्या नकळत इथे येऊन गेलेले होते. त्यांनी स्टूल ओढलं. या वेळी भिंतीकडे नाही, उजेडाकडे तोंड करून. डाव्या हाताने एक काठी उभी धरली, तिच्यावर उजवं मनगट टेकवलं आणि ब्रश चाकाला लावला.

"फिरव. हळू."

मी फिरवलं. हळू म्हणजे किती हळू हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी जरा जोर लावला की ते ओरडायचे, ते श्वास रोखून धरायचे की मी ओरडायची. "श्वास सोडा आधी, बुडून राह्यले का तुमी?" मी म्हणायची. पिवळी रेघ त्यांच्या ब्रशखालून निघून माझ्या हाताकडे येत होती. बराच वेळ ती चांगली चालली. मग काठीवरून मनगट उडालं आणि रेघेने एक वळसा घेतला. मी फिरवत राहिले. शेवटी चाक पुरं फिरलं, आणि जिथून रेघ निघाली होती तिथे ती पोचली, पण बोटभर खाली. सुरुवात आणि शेवट जुळलेच नाहीत. आयुष्यभर मुलींना वर्तुळ शिकवलेली बाई मी. मला ते बघवेना.

रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुलींचा घोळका जात होता. शेडचं दार सताड उघडं होतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. यांनी हात लपवला नाही.

मी टर्पेंटाइनचा फडका उचलला आणि त्या वळशापाशी नेला.

"ओली आहे तवर पुसून टाकू?"

त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."